उजवा हात पुढे कर

घरात कुणाची परीक्षा असली आणि बायकोने दह्याचे भांडे बाहेर काढले, की ते प्रकरण अजून माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. नोकरीत खून, दरोडे, बेपत्ता माणसे, सगळे पाहिले. पण मला शहाणे केले ते खाकी उतरवल्यानंतरच्या एका प्रकरणाने, आणि तेही परमुलखात. त्यातल्या कुणाचेही नाव मी इथे घेणार नाही.

महाराष्ट्र पोलीस दलातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि दुबईला मुलीकडे राहायला गेलो. जावयाच्या सोफ्यावर बसून टीव्ही किती पाहणार? ऊद मेथा भागातल्या एका भारतीय शाळेला सुरक्षाप्रमुख हवा होता, तिथे लागलो. मुलीने बजावले, "बाबा, तिथे तुम्ही पोलीस नाही, एवढं लक्षात ठेवा." लक्षात ठेवले. पण जित्याची खोड ती. फाटकावरच्या रखवालदारांची मी रोज सकाळी ठाण्यासारखी हजेरी घ्यायचो, आणि समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याचे हात पाहायचो. चेहऱ्याला खोटे बोलता येते, हातांना सहसा जमत नाही, असे मी नव्या शिपायांना वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो.

घटना अशी घडली. दहावीच्या वर्गातली दोन मुले, एकमेकांचे जिवलग मित्र, शाळा सुटल्यावर मागच्या जिन्याने बसकडे निघाली. त्यातला एक जिन्याच्या वळणावरून खाली कोसळला आणि पायरीची कड त्याच्या डोक्याला लागली. मी धावत पोहोचलो तेव्हा तो बेशुद्ध होता. मित्र शेजारी बसून "ही स्लिप्ड, ही स्लिप्ड" एवढेच म्हणत होता. काही दिवस रुग्णालयात झुंज देऊन तो मुलगा गेला.

तिथल्या पोलिसांनी रीतसर घटनास्थळ पाहिले, जबाब घेतले. वळणावर कॅमेरा नव्हता आणि प्रत्यक्षदर्शी एकच, तो मित्र. तपास चालू होता, पण सगळ्या गोष्टी अपघाताकडेच बोट दाखवत होत्या. मला मयत मुलाच्या जबड्यावरचा काळानिळा डाग खटकत होता. पण खटकणे म्हणजे पुरावा नव्हे.

शाळेत शोकसभा झाली. मयत मुलाचे वडील दुबईतल्याच देरा भागातल्या एका व्यापारी कचेरीत नोकरीला, घर मूळचे कोकणातले. त्याची आई वर्गशिक्षिकेचा हात धरून एकच गोष्ट परत परत सांगत होती, "बाई, ते बूट मीच आणले हो. हे म्हणत होते, तळ गुळगुळीत आहे, दुसरे बघ. मी ऐकलं नाही. माझ्या हातानं मारलं मी त्याला." तिने हे शेजारणींना सांगितले, नर्सला सांगितले, मलाही सांगितले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. ती फक्त बोलत होती, आणि ते ऐकवत नव्हते.

या वर्गशिक्षिका पुण्याच्या. विज्ञान शिकवायच्या, आवाज खणखणीत, मुलांना धाक आणि लळा दोन्ही. त्यांचा एक रिवाज साऱ्या शाळेला ठाऊक होता. मोठी परीक्षा सुरू होण्याच्या दिवशी त्या वर्गाच्या दारात स्टीलचा डबा घेऊन उभ्या राहायच्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर दहीसाखर ठेवायच्या. वर्गात केरळी, पंजाबी, सिंधी, सगळ्या धर्मांची मुले. एकही नको म्हणत नसे. "मॅम, एक्स्ट्रा शुगर प्लीज," म्हणून उलट लाडीगोडी चालायची. नियम एकच, हात उजवा. कुणी डावा पुढे केला की बाई चमच्याने त्यावर टकटक करायच्या.

मुलाच्या जाण्यानंतर थोड्याच दिवसांत पूर्वपरीक्षा सुरू झाली. त्याच आठवड्यात एका सकाळी माझ्या केबिनमधला फोन वाजला. बाईचा आवाज, तोंडावर रुमाल धरलेला, हिंदीत.

"वो लड़का फिसला नहीं था. आप तो पुलिस में थे ना? फिर देखिए."

एवढ्यात शाळेची घंटा झाली. ती मला खिडकीतून ऐकू आली आणि त्याच वेळी फोनमधूनही. म्हणजे खबर देणारी व्यक्ती इमारतीतच होती. मी रिसीव्हर ठेवला आणि तडक शिक्षकांच्या खोलीकडे निघालो. आत एकट्या त्या बाई बसल्या होत्या. समोरचा खाण्याचा डबा उघडलेला नव्हता, आणि टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उलटा ठेवलेला होता.

"मॅडम, हिंदी चांगलं बोलता," मी म्हणालो.

त्यांनी रिसीव्हरकडे पाहिले आणि तो सरळ केला. "बसा साहेब."

मग मी चौकशी सुरू केली. मुलांना हात लावण्याचा मला अधिकार नव्हता, पण बाई तर जाणत्या होत्या. आधी गोडीगुलाबीने विचारले, मग आवाज चढवला. "माहिती लपवणं हा आपल्याकडेही गुन्हा आहे आणि इथेही, मॅडम."

"मी लपवत नाहीये. मी थांबलेय."

"कशासाठी?"

"तो स्वतः येऊन सांगेल म्हणून."

माझे डोके तापले. "माझ्या सगळ्या नोकरीत स्वतःहून ठाण्यात आलेले आरोपी हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातले निम्मे पिऊन आले होते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरचा डबा बाजूला सारला. मग त्यांनी सांगितले.

"पूर्वपरीक्षेचा पहिला दिवस. मी दारात उभी होते. खरं तर त्या सकाळी डबा घेऊन यायची इच्छाच नव्हती. पण बाकीच्या मुलांचं काय? एकेक येत होता. हा आला आणि यानं डावा हात पुढे केला. दहा वर्षांचा असल्यापासून माझ्या हातचं दही खातोय, कधी चुकला नाही. मी सवयीनं म्हणाले, उजवा. त्यानं हळूच खिशातून उजवा हात काढला. बोटांची पेरं सुजून टम्म झालेली, करंगळी वाकडी. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. साहेब, आम्हाला दोघांनाही कळलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"त्याच हातावर दहीसाखर ठेवली." त्यांचा खणखणीत आवाज तिथे फुटला. "एक लेकरू गेलं. ज्या हातानं गेलं, त्या हातावर मी यश मागितलं. तेव्हापासून झोप नाही मला."

मी जरा नरमलो. म्हटले, "इतका विश्वास आहे, तर मला फोन कशाला?"

"कारण विश्वास आहे, खात्री नाही. आणि परवा त्या माउलीचं विमान आहे. कायमचे गावाला चाललेत. ते बूट तिनं बॅगेत भरलेत, साहेब. जन्मभर ते पुढ्यात घेऊन बसेल ती."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुलगा गेला त्या दिवसापासून त्यांनी घरच्या देवापुढे दिवा लावला नव्हता. नवरा अबुधाबीहून येऊन रागावून गेला, तरी नाही. "देवावरचा विश्वास उडाला तर दिवा न लावता दिवस निघतो," त्या म्हणाल्या. "मुलांवरचा उडाला, तर उद्या कुठल्या तोंडानं वर्गात जाऊ?"

बाईंनी नाव घेतले नव्हते, पण हातच्या काकणाला आरसा कशाला? जिन्यावर दोघेच होते. मी त्यांच्यासमोरच तपास अधिकाऱ्याला फोन लावला आणि नवी माहिती आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत यावे, असे कळवले. तो तरुण अरब अधिकारी शांत स्वभावाचा. "इन्शाल्ला, उद्या सकाळी येतो," म्हणाला. त्याच सकाळी मयत मुलाची आईही त्याचे सामान न्यायला वर्गात येणार होती. बाई एवढेच म्हणाल्या, "तिचं येणं आधी होऊ द्या."

खरे सांगतो, मला काही होईल असे वाटत नव्हते. सापडत नाही तोवर माणूस कबूल होत नाही, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. फार तर घाबरून पळेल, म्हणून मी वर्गाच्या मागच्या दारात उभा राहिलो आणि तो अधिकारी बाहेर व्हरांड्यात थांबला.

आई आली. बाकावरून तिने कंपासपेटी, खेळाचा टी-शर्ट, पाण्याची बाटली गोळा केली. मुले उभी होती. जाताना तिने सगळ्यांकडे पाहिले आणि तेच सुरू झाले, या वेळी हिंदीत, सगळ्यांना समजावे म्हणून. "बच्चों, अपनी मम्मी को बोलना, जूते देखके लेना. मैंने नहीं देखा. मेरी गलती से वो गया."

माझी नजर त्या मुलाच्या हातांवर होती. दोन्ही खिशात. मग उजवा बाहेर आला.

"आंटी, इट वॉजन्ट द शूज."

ती थबकली. "क्या बोला बेटा?"

"जूते नहीं थे, आंटी. मैंने मारा. एक ही बार. आय डिडन्ट नो ही वुड फॉल." त्याने सुजलेला हात तिच्यापुढे धरला.

पुढे कळले ते असे. त्याच्या वडिलांची नोकरी गेली होती. घर आवरायचे, शाळा सोडायची, सगळे टांगणीला. आणि जिन्यावर मित्राने थट्टेत म्हटले, "तुझ्या डॅडचा व्हिसा खलास, आता तू पण यल्ला, चल इंडिया." आपल्याकडे पोरे याहून वाईट बोलतात आणि संध्याकाळी एकत्र खेळतात. पण तिथे साऱ्या घरांच्या उशाशी हीच एक भीती झोपलेली असते. बोलणाऱ्याला मोठे काही वाटले नाही, ऐकणाऱ्याला सोसवले नाही. त्याच्या करंगळीचे हाड मोडले होते आणि त्याने घरीसुद्धा दाखवले नव्हते.

आई आपल्या मुलाच्या बाकावर बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली. त्या मुलाला ती शिव्याशाप देईल, मारेल, असे वाटून मी पुढे सरकलो. पण ती त्याच्याकडे पाहतही नव्हती. टी-शर्ट तोंडाशी धरून "बूट नव्हते, बूट नव्हते," असे स्वतःलाच सांगत होती. बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मग उठून मुलाकडे गेल्या आणि त्याला खांद्याला धरून स्वतः बाहेर, अधिकाऱ्यापर्यंत घेऊन गेल्या. हातकडी नाही, आरडाओरडा नाही. अधिकाऱ्याने आधी त्याला पाणी दिले.

त्या कुटुंबाने विमानाची तिकिटे रद्द केली आणि सुनावणीसाठी ते थांबले. आई मला म्हणाली, "माफ केलं असं मी नाही म्हणणार, दादा. पण त्याचं वाटोळं करून माझा परत येणार आहे का?" नवराबायकोने तसे कोर्टात सांगितले. मुलगा काही महिने बालसुधारगृहात राहिला. पुढच्या वर्षी त्याला दहावीला बसता आले; वडिलांना तोवर अबुधाबीत नोकरी लागली होती, म्हणून केंद्र तिथले मिळाले.

पेपरच्या आदल्या दिवशी बाई माझ्या केबिनमध्ये आल्या. "साहेब, सकाळी गाडी काढाल?"

वाटेत मांडीवर तो स्टीलचा डबा घेऊन त्या बसल्या होत्या. मी विचारले, "घरी दिवा लावता आता?"

"नाही अजून."

"मग हे?"

"हे देवासाठी नाहीये."

केंद्राच्या फाटकाशी मुलगा वडिलांबरोबर उभा होता. उंच झाला होता, हाडे वर आली होती. बाईंनी डबा उघडला, चमचा भरला आणि तो हवेतच थांबला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. त्यांना जमत नव्हते. विश्वास ठेवलेला असला तरी दुःख काही ऐकून घेत नाही, हे मला तेव्हा दिसले.

"मॅम, यू डोन्ट हॅव टू," तो हलक्या आवाजात म्हणाला. पण उजवा हात त्याने पुढे केला होता. करंगळी वाकडीच राहिली होती.

बाईंनी दही ठेवले. "प्रश्न नीट वाच. घाई करायची नाही." एवढे बोलून त्या वळल्या आणि गाडीपाशी येईपर्यंत त्यांनी धीर धरला. नंतर दाराला टेकून खूप रडल्या. मी बाजूला उभा राहिलो. काही माणसांचे रडणे थांबवायला जाऊ नये.

हात पाहावेत, हे मी शिपायांना शिकवले ते बरोबरच होते. त्या सकाळी वर्गाच्या दारात मी असतो, तर मीही तोच हात पाहिला असता आणि पंचनाम्याला लागलो असतो. माझे काम तेच होते, त्याची मला लाज नाही. पण मग त्या आईला खरे सांगणारा एक कागद मिळाला असता. तोंडाने सांगणारा माणूस मिळाला नसता. तो बाईंनी थांबून मिळवला, आणि त्या थांबण्याची किंमतही त्यांनीच मोजली.

डोळे पुसून बाईंनी डब्यात पाहिले. एक चमचा दही उरले होते. कुणासाठी आणले होते, ते मी विचारले नाही.

"साहेब, हात पुढे करा."

"या वयात माझी कसली परीक्षा, मॅडम?" म्हणत मी हात पुढे केला. उजव्या हातात गाडीची किल्ली होती, म्हणून डावा. बाईंनी चमच्याने त्यावर टकटक केले.

मी किल्ली खिशात टाकली आणि उजवा हात पुढे केला.