कच्चं सोयाबीन

आसेगावच्या चंदाबाईचं आयुष्य सोयाबीनमध्ये गेलं. पेरलं, सोंगलं, थ्रेशरपाशी धूळ खाल्ली. पण घरात दाणा शिजला नाही. "ते इकाचं पीक हाय, खायाचं नाही," म्हणायची. तीच चंदाबाई आजारी नवऱ्याला रोज कच्चं सोयाबीन वाटून दुधातून पाजत होती. लेकीनं फोनवर सांगितलं होतं ना!

लेक सुकेशनी नागपूरला संशोधन करायची. बशीत वाढवलेल्या पेशींवर किरणं सोडायची. सोयाबीनमधलं एक प्रथिन आधी घातलं, तर निरोगी पेशी तग धरत, तुटलेल्या डीएनएची डागडुजी होई.

"माय, आपलं सोयाबीन पेशी वाचवून राह्यलं!"

"शिजवून?"

"नाही व, शिजवलं की ताकत जाते."

एवढंच. ते शुद्ध करून घ्यावं लागतं, आणि बशी म्हणजे माणूस नव्हे, हे तिनं सांगितलं नाही. मायचं कौतुक ऐकायला फार गोड लागत होतं.

बाबांच्या, देवानंदच्या, घशाला कॅन्सर. अकोल्यात किरणांचा शेक चालू होता. जुलाबांनी ते असे गळाले की शेक थांबवावा लागला. सुकेशनी नागपूरहून धावत आली.

"खायला काय देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कच्चं सोयाबीन. म्याच देल्लं, सायेब. अडाणी बाई मी."

"अहो, ते पचनच अडवतं!"

मायनं खालून चिमटा काढला, तरी सुकेशनी बोललीच, "मी सांगितलं होतं तिला. मी यावरच संशोधन करते."

डॉक्टरांनी तेवढं कागदावर लिहून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पोट थांबलं की शेक सुरू करू. पण फार उशीर परवडणार नाही."

बाहेर येताच चंदाबाई भडकली. "तू काहून बोलली व? माह्यावर राहू देल्लं असतं तं माहं काय जात होतं?"

"तुहं काय चुकलं, माय?"

"कच्च्यानं बकरी फुगते, मले ठावं होतं. म्हटलं, पोरीले जास्त कळते."

बाकड्यावर टेकलेले देवानंद बसलेल्या आवाजात पुटपुटले, "बकरीलेच इचाराचं होतं मंग."

चंदाबाईला हसू फुटलं. सुकेशनीला नाही.

"बरं, आता काय देऊ ह्यायले? सांग." माय अजूनही तिच्याच तोंडाकडे पाहत होती.

उत्तर ओठांवर आलंही होतं. सुकेशनीनं ते गिळलं.

"मले नाही माईत, माय. चाल, अंदर जाऊन इचारू."