फरक दिसत नाही

बघूकाकांचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर आहे आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नाही. उद्यान खात्यात तीस वर्षं ते जुनी, थोराड झाडं छाटतात. कुठल्याही झाडाखाली त्यांना गाठून "कधी छाटताय?" असं विचारलं, की ते मान वर करून म्हणतात, "बघू." आणि मग खरोखरच बघत बसतात. खात्यात नुसते बसणारे पुष्कळ होते. बसून झाडाकडे बघणारे हे एकटेच. त्यामुळे आळशी म्हणून नाव यांचंच झालं.

यंदा त्यांच्या वाट्याला सरकारी इस्पितळाच्या अंगणातली चिंच आली. वय दोनशेच्या आसपास, खोड चौघांच्या कवेत न मावणारं आणि एका बाजूने पोकळ. केसपेपरची रांग तिच्या सावलीत उभी राहायची, आणि रांगेचा वेग पाहता रोग्यांना औषधापेक्षा सावलीच जास्त लागू पडायची. एक वाळकी फांदी रुग्णवाहिकेच्या टपावर कोसळली, तेव्हा छाटणीचा हुकूम निघाला.

पहिला दिवस काकांनी बाकावर बसून काढला. दुसऱ्या दिवशी लाकडी हातोडीने खोडावर टकटक करत, कान लावून, पोकळी कुठवर गेलीय ते ऐकलं. एक डॉक्टर खिडकीतून हे पाहत होता. एकाच रोग्याला इतका वेळ दिलेला त्याने पूर्वी कधी पाहिला नसावा.

मग सहा दिवस काका दोराला लोंबकळत, दुखरा गुडघा सांभाळत, फक्त मेलेलं लाकूड काढत राहिले. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळी असते. काका तिला गळपट्टी म्हणतात. करवत तिच्या आत गेली तर जखम कधी भरत नाही, फार बाहेर राहिली तर खुंट कुजतो. सगळी विद्या त्या बोटभर जागेत. काम संपलं तेव्हा चिंच होती तशीच दिसत होती, फक्त आता ती कुणाच्या डोक्यावर पडणार नव्हती. निघालेलं हातगाडीभर लाकूड पहारेकऱ्याने आंघोळीचं पाणी तापवायला नेलं.

घोटाळा झाला तो फोटोंचा. खात्याच्या फॉर्मवर दोन चौकटी असतात, 'कामापूर्वी' आणि 'कामानंतर'. साहेबांनी दोन्ही फोटो पाहिले, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिले.

"काका, एकच फोटो दोनदा चिकटवलाय तुम्ही."

"नाही साहेब. हा आधीचा, हा नंतरचा."

"मग आठ दिवस केलंत काय? फरक दिसत नाही!"

"दिसला असता तर छाटणी बिघडली असती, साहेब."

उत्तर बरोबर होतं, त्यामुळे साहेबांना ते उद्धट वाटलं. त्यांनी मशीनवाल्याची फाईल पुढे ओढली. मशीनवाला म्हणजे क्रेन आणि यांत्रिक करवत बाळगणारा ठेकेदार. त्याच्या 'कामापूर्वी'त झाड असतं आणि 'कामानंतर'मध्ये खांब.

"याला म्हणतात काम! मी सोमवारी स्वतः बघायला येतो. फरक दिसला नाही, तर मंगळवारी हा वरचा एक तृतीयांश उडवेल."

काकांना ठाऊक होतं, एवढ्या जुन्या झाडाचा शेंडा एका फटक्यात उतरवला, की ते दोनेक वर्षं हिरवं राहून बघतं आणि मग नाद सोडतं.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. सहानुभूती हा त्यांचा प्रांत नव्हे.

"गेल्या महिन्यात मी वीतभर केस कापून आले. तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"'जेवायला काय आहे' म्हणालात. आणि आता साहेबांना फरक दिसत नाही म्हणून सुस्कारे टाकताय!"

"अगं, पण करू काय?"

"मला तरी केस कापलेले कशावरून कळतात? खुर्चीखाली पडलेले दिसतात म्हणून. साहेबांना झाड नका दाखवू, फरशी दाखवा."

शनिवारच्या वाऱ्यात बस डेपोमागची एक निलगिरी आडवी झाली होती. रविवारी काकांनी तिच्या फांद्या टेंपोत घालून आणल्या आणि चिंचेखाली कमरेएवढा ढीग रचला. चिंचेचं पान नखाएवढं, निलगिरीचं सुरीसारखं लांब. पहारेकरी ढिगाजवळ येऊन वाकला. "काका, ही पानं तर..."

"बघू नका," काका म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

सोमवारी साहेब आले. आधी ढीग पाहिला, मग वर पाहिलं.

"वा! केवढं मोकळं झालं! काय उजेड आलाय!"

आभाळ सकाळपासून भरून आलं होतं. साहेबांनी एक पान उचलून चुरगळलं, हुंगलं. "चिंचेच्या पानाला असा औषधी वास असतो?"

"इस्पितळातली आहे ना, साहेब."

साहेबांनी मान डोलावली. ढिगाला एक फेरी मारली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "पण काका, जरा अतिच केलंत हो. दोनशे वर्षांचं झाड! काही दयामाया?"

तिसऱ्या दिवशी ज्ञापन हातात पडलं: 'प्रत्यक्ष पाहणीत अमर्याद छाटणी केल्याचे आढळून आले. सबब, सदर वृक्षास पुढील दहा वर्षे कोणीही हत्यार लावू नये. आपणांस सक्त ताकीद देण्यात येत आहे.'

कार्यालयाच्या जिन्यात मशीनवाला भेटला. "काका, मी तर एक तृतीयांशावरच थांबणार होतो. तुम्ही आमचेही बाप निघालात!"

काकांनी ज्ञापन सरळ ठेवून, चुरगळू न देता घरी आणलं. काकूंनी ते दोनदा वाचलं, हसल्या आणि कपाटात विम्याच्या कागदांशेजारी ठेवलं. काकांना वाटलं, आज आपणही काही बोललं पाहिजे.

"केस छान कापलेत हं या वेळी."

"तेव्हापासून कात्री लागलेली नाही त्यांना," काकू म्हणाल्या. "व्हाल, तुम्हीही एक दिवस साहेब व्हाल."