ड्रुसिलाच्या मेणवाट्या

आमच्या बंदरात कुणी दार वाजवत नाही. दार ढकलायचं, बुटांवरचा बर्फ झटकायचा आणि किटलीत काय आहे ते विचारायचं. ड्रुसिला पेली शेजारच्या घरातून बावन्न वर्षं माझ्याकडे अशीच येते. म्हणून त्या मार्चातल्या सकाळी दारावर टकटक झाली आणि उंबऱ्यावर ड्रुसी दिसली, तेव्हा माझे हात कणकेतच थबकले.

"एसाव कुठाय?" तिनं विचारलं.

एसाव म्हणजे माझा नवरा. "काल गेला की लांब तळ्यावर. बर्फाला भोक पाडून ट्राऊट मासे धरायला. चार दिवस तंबूत राहणार म्हणाला. का गं?"

तिनं मुठीतली वस्तू माझ्या टेबलावर ठेवली. मेणवाटी होती. ओली, कडेला जरा काजळलेली, बाकी जशीच्या तशी.

"माझ्या ओसरीवरचा डबा त्यानंच नेला ना?"

"नेला असेल. दर वर्षी नेतो."

"लाल दोरा नव्हता त्या डब्याला," ती म्हणाली, आणि मी खुर्चीवर बसले.

आता या मेणवाट्यांचं सांगायला हवं. ड्रुसी बारा वर्षांची असताना तिचा थोरला भाऊ तळ्याच्या बर्फातून आत गेला. बाहेर आला, तंबूपर्यंतही पोचला, पण काड्या भिजलेल्या, लाकूड भिजलेलं. जीव वाचला, डाव्या हाताची तीन बोटं गेली. त्याच्यासारखा अकॉर्डियन वाजवणारा आमच्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. ती पेटी पुढे भिंतीवर टांगलेली राहिली. ड्रुसीनं त्याच हिवाळ्यात चिंध्या आणि सीलची चरबी घेऊन पहिला काकडा केला. पेटला झकास, पण वास असा की आईनं तिला काकड्यासकट घराबाहेर काढलं.

तेव्हापासून ती करतेच आहे. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ती बंदरातल्या प्रत्येक घरातून गोळा करते. कुणी कचऱ्यात टाकला तर रस्त्यात अडवून विचारते. सायलसकाकांच्या होड्यांच्या शेडमधला लाकडाचा भुसा. देवळातल्या मेणबत्त्यांची थोटकं. ट्रेच्या एकेका खळग्यात भुसा दाबायचा, भूर्जाच्या सालीची पट्टी वातीसारखी उभी करायची, वरून वितळलेलं मेण ओतायचं. एवढं कुणीही करेल. ड्रुसीचं वेगळेपण पुढे आहे. प्रत्येक घाण्यातली एक वाटी ती रात्रभर बादलीत बुडवून ठेवते. सकाळी धक्क्यावर, जिथे वारा टोपी ठेवत नाही, तिथे जाऊन एका काडीत पेटवते. पेटली आणि वर ठेवलेली किटली गुणगुणेपर्यंत टिकली, तर त्या घाण्याच्या डब्यांना लाल दोरा. नाही पेटली, तर सगळा घाणा तिच्या स्वतःच्या शेगडीत. एकदा अठ्ठेचाळीस वाट्या तिनं अशा जाळल्या आणि वर म्हणाली, "बरं झालं, पाय तरी शेकले."

रानात जाणारा प्रत्येक जण निघताना तिच्या ओसरीवरून डबा उचलतो. पैसे द्यायला गेलात तर ती रागावते. ट्राऊट दिलात तर रागावत नाही.

त्या वर्षी मात्र देवळात नव्या पाद्रीबाई आल्या होत्या. भली बाई, पण आगीला घाबरायची. तिनं सगळीकडे सेलवर चालणाऱ्या मेणबत्त्या लावल्या. थोटकं बंद. मग बंदरातल्या बायकांनी नाताळात भेट आलेल्या, काचेच्या भांड्यातल्या सुगंधी मेणबत्त्या ड्रुसीला दिल्या. आमच्या प्रत्येकीकडे अशा चार-पाच होत्या आणि कुणालाच नको होत्या. मेण लोण्यासारखं मऊ. व्हॅनिलाचा वास. "अस्वलाला वाटेल केक आणलाय," मी म्हणाले होते, आणि दोघी हसलो होतो.

टेबलावरची न पेटलेली वाटी त्याच मेणाची होती. आता हसू येत नव्हतं. बाहेर पाऊस पडत होता, पडता पडता गोठत होता. झाडाच्या प्रत्येक काडीवर काचेचं कवच चढलेलं. अशा दिवशी रानात सुकी साल मिळत नाही, सुकं काहीच मिळत नाही. तळ्यावर फोन लागत नाही.

"चूक त्याची आहे," मी म्हणाले. "दोरा बघायला डोळे लागतात, अक्कल लागत नाही."

"पारखायच्या आधीच डबा ओसरीवर मी ठेवला," ड्रुसी म्हणाली. "कोट घाल."

ती चौऱ्याहत्तर वर्षांची, मी एकाहत्तरची. तिच्या बर्फगाडीवर मी मागे बसले, मागच्या घसरगाडीत सुक्या ढलप्यांचं पोतं. बारा मैल. मी सगळा वेळ तिच्या पाठीत तोंड खुपसून एसावला शिव्या देत होते, म्हणजे देवाला वाटू नये की मी रडतेय.

"मागे काय पुटपुटतेस?" ती ओरडली.

"प्रार्थना!"

"मग त्याचं नाव इतक्यांदा का येतंय?"

तळ्याच्या काठाशी एसावची बर्फगाडी दिसली. बर्फाखालच्या चिखलपाण्यात निम्मी रुतलेली, तिथेच गोठलेली. तो नव्हता. पावलं तंबूकडे गेली होती. तंबूच्या धुरांड्यातून धूर येत नव्हता.

आत तो पत्र्याच्या शेगडीपुढे गुडघ्यांवर बसला होता. त्या सकाळी पाण्यात उतरल्यापासून कमरेपर्यंत ओला, ओठ निळे. भोवती अकरा मेणवाट्या, सगळ्यांची वात तेवढी काळी. तंबूभर व्हॅनिला.

"बायकांनो," तो दातांवर दात वाजवत म्हणाला, "चहा देऊ शकत नाही, माफ करा."

"गप बस," मी म्हणाले आणि त्याचे बूट ओढायला लागले. त्याची बोटं बघायचं धाडस होत नव्हतं.

ड्रुसीनं टोपी काढली. टोपीच्या अस्तरात कापडाची पुरचुंडी, पुरचुंडीत मागच्या वर्षीच्या, देवळाच्या मेणाच्या दोन वाट्या. एक शेगडीत ठेवली, वर ढलप्या रचल्या. मग एसावपुढे हात केला.

"काडी."

"एकच उरलीय."

"एकच लागते."

"तुझ्याकडे नाहीत?"

"डबाभर आहेत. पण एका काडीत पेटली नाही तर ती माझी वाटी नाही."

मला तिच्या कानशिलात द्यावीशी वाटली. तिनं काडी ओढली. सालीनं ज्योत घेतली, जरा दबली, मग मेणात उतरून उभी राहिली. ढलप्या तडतडल्या. ड्रुसीनं जळकी काडी खिशात टाकली आणि किटली वर चढवली.

किटली गुणगुणायला लागली तेव्हा तिनं एसावचे हात आपल्या हातात घेतले आणि एकेक बोट मोजल्यासारखं दाबून पाहिलं. दहाही दुखली. तो ओरडला, तशी ती हसली. मग आम्ही तिघांनी काकवीचा पाव खाल्ला आणि तो मुकाट्यानं तीन कप चहा प्याला. एसाव मुकाट्यानं काही पितो, हे बंदरात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

रविवारी ड्रुसी त्या अकरा वाट्या घेऊन पाद्रीबाईंकडे गेली. काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पुढच्या रविवारी खऱ्या मेणबत्त्या आल्या, आणि ड्रुसी आता स्तोत्रातलं एकही कडवं गाळू देत नाही. जास्त जळल्या की थोटकं लवकर होतात.

बादलीचं काम तिनं एसावला दिलं. या शरदात तो सकाळी सकाळी धक्क्यावर वाऱ्यात उभा, हातात ओली वाटी आणि एक काडी, चेहरा पाद्र्यासारखा. वाटी पेटली. किटली गुणगुणेपर्यंत तो तिथून हलला नाही. मग घरी येऊन त्यानं प्रत्येक डब्याला लाल दोरा बांधला आणि डबे ड्रुसीच्या ओसरीवर नेऊन ठेवले.

ती बाहेर आली. पहिल्या डब्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. दुसऱ्याची सोडली, पुन्हा बांधली. तिसऱ्याच्या गाठीवर अंगठा ठेवून थांबली आणि ती तशीच राहू दिली.