नकाशावरची हमिदा

नकाशावर नवं नाव दिसलं की परकारचाचा त्यावर बोट ठेवून विचारायचे, "ह्या नाव कोनी सांगितलान?" ओमानात, रुवीतल्या आमच्या सर्व्हे ऑफिसात सगळे या प्रश्नाला वैतागले होते. मीसुद्धा. इब्रीकडच्या एका कोरड्या ओढ्याच्या नावाला दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून त्यांनी मला भर उन्हात तीन तास ताटकळत ठेवलं होतं. "दोन तोंडातनं आल्याबिगर नाव लिवू नको, दिलीप."

चाचा रत्नागिरीकडचे. मोजणीची उपकरणं वाहून त्यांचा उजवा खांदा कायमचा खाली आला होता. ओमानात तीस वर्षं काढली, दोन वर्षांतून एकदा घर. आता पुरे करा म्हटलं की म्हणायचे, "ह्यो रस्ता झाला का खलास." रस्ते काही संपत नव्हते.

एकदा अल हैलच्या साइटवर गाडीच्या सावलीत टेकलो असताना ते आपणहून बोलले. तरुणपणी, नुकतं लग्न झालेलं असताना, ते हिमालयात एका मोजणीपथकाचं सामान वाहायला होते. डोंगरापलीकडे एक मोठं बर्फाचं मैदान लागलं. साहेबांनी त्याचं नाव विचारायला त्यांना मेंढपाळांकडे पिटाळलं. चाचा इतके थकले होते की वाटेतच बसून राहिले, आणि परत येऊन म्हणाले, "हमिदा म्हनतात." नकाशात तेच छापलं गेलं.

"माजी बायको ती," चाचा खाली बघत म्हणाले. "जित्या मानसाचा नाव लावायचा नाय, असा कायदा होता. मी खोटा बोललो."

"चाचींना सांगितलंत?"

"कायमचा घरी जाईन तवा नकाशाच दाखवीन." तो नकाशा त्यांच्या ट्रंकेत घडी करून ठेवलेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात चाची आजारी असल्याचा फोन आला. मी म्हटलं, आजच निघा. "आठवड्यात रस्ता संपतो, मग कायमचाच जातो. इन्शाल्ला." रस्ता संपायला दोन दिवस होते तेव्हा चाची गेल्या. मला चाचांचा भयंकर राग आला, आणि त्यांना ढकलून विमानात बसवलं नाही म्हणून स्वतःचाही.

ते निघाले त्या दिवशी मी ट्रंक बांधायला गेलो. नकाशा वरच होता. चाचांनी तो उलगडला, त्या नावावर बोट ठेवलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

"दिलीप," ते म्हणाले, "आता ह्या नाव कायद्यात बसला."