कुलुपातलं क्लॅरोनेट

फौजेच्या बँडमधून मी सुटून आलो तेव्हा ट्रंपेट वाजवण्यापलीकडे मला दुसरं काही येत नव्हतं. म्हणून तासगावात लग्नाचा बँड काढला. गावातलीच माणसं गोळा केली, लाल डगले बायकोनं घरीच शिवले आणि आसपासच्या गावांतून सुपाऱ्या येऊ लागल्या. दुसऱ्या सालच्या ऐन लगीनसराईत आमचा क्लॅरोनेटवाला मुंबईला निघून गेला. क्लॅरोनेटशिवाय वरात म्हणजे मिठाशिवाय आमटी. तेव्हा पलीकडच्या तालुक्यातला एक मोठा बँडमालक म्हणाला, "माझा माणूस देतो उसना. जे द्यायचं ते माझ्याकडं पोचवत जा."

तो माणूस एसटीनं आला. माणदेशातला, काळासावळा, पस्तिशीचा. त्याच्याबरोबर आणखी एकजण होता आणि वाद्याची पेटी त्याच्या काखेत होती. मला वाटलं, केवढा मोठा कलावंत, पेटी उचलायलाही माणूस! आमची पोरं त्याला थट्टेनं 'उस्ताद' म्हणू लागली. पण संध्याकाळी वरातीत तो वाजवायला लागला आणि थट्टा बंद झाली. घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मान वळवून बघत होता.

वरात दाराशी लागली. त्यानं वाद्य तोंडातून काढताच सोबत्यानं ते हातातून घेतलं, पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लॅरोनेटवाल्याला म्हणालो, "कालची ती चाल जरा वाजवून दाखव की."

त्यानं सोबत्याकडे बोट केलं. "पेटी त्येच्याकडं हाय."

"वाद्य मालकाचं हाय व्हय?"

"न्हाई. माझ्या बाचं."

मला काही उलगडेना. फौजेत वाद्य सरकारचं, पण ते रात्रंदिवस आमच्या ताब्यात असायचं. इथं वाद्य याचं आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. मी सोबत्याला विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "मालकाचा हुकूम हाय. वाद्य हातात ऱ्हायलं तर पळून जाईल म्हनत्यात."

'पळून जाईल' हा शब्द माझ्या डोक्यात घोळत राहिला. कामावरचा माणूस काम सोडून जातो. पळून जातो तो कैदी.

पुढच्या खेपेला दोघं आमच्या घरी जेवायला बसले. वाढता वाढता माझ्या बायकोनं सहज विचारलं, "घरला काय धाडता, भाऊ? पोरंबाळं असतील की."

तो भाकरी मोडता मोडता थांबला. "दुष्काळापास्नं घरला गेलोच न्हाई, वैनी."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुष्काळात त्याच्या बापानं या मालकाकडून धान्य उचललं होतं; पोरगा वाजवून फेडील, असा शब्द दिला होता. पुढं बाप गेला. फिटलं किती, उरलं किती, हे मालक कधी सांगत नव्हता. लग्न असलं की वाजवायचं, नसलं की मालकाच्या म्हशी बघायच्या. हातात काही नाही, दोन वेळचं जेवण तेवढं.

बायको माझ्याकडे वळली. "मंग तुमी ह्यांच्या नावानं देताय, ते कुनाला देताय?"

मी मालकाला जाऊन भेटलो. त्यानं चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. "गड्या, तुला फौजेतली शिस्त ठावं, धंद्यातली न्हाई. बिनबोभाट माणूस मिळतोय, तर घे की."

"आन् त्यो येत न्हाई म्हनला तर?"

तो मोठ्यानं हसला. "म्हनंलच कसा?"

त्याच सुमारास रेडिओवर वेठबिगारी बंद करणाऱ्या कायद्याची बातमी सारखी लागत होती. आमच्या बँडमधला ढोलवाला कचेरीत शिपाई होता. त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "प्रांतसायबाकडं जावा. पर माणसानं सोता सांगाय पायजे."

म्हणून पुढच्या लग्नाच्या दुपारी मी त्या दोघांना मांडवामागं लिंबाखाली बसवलं. क्लॅरोनेटवाल्याला सरळच विचारलं, "तुला जायचंय का?"

"जायचंय. पर बाचं वाद्य सोडून न्हाई."

मी सोबत्याकडे बघितलं. तो आता दंगा करणार, या तयारीनं मी उभा राहिलो. त्यानं कमरेची किल्ली काढली, तिच्याकडे बघितलं आणि ती क्लॅरोनेटवाल्याच्या हातात दिली.

"आवं, मी तरी कुठं मोकळा हाय?" तो म्हणाला. "माझ्या आईनं उचल घेतलीया. ह्यो पळाला तर माझं आणिक वाढंल, म्हून राखत हुतो."

राखणाराही बांधलेलाच निघेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं लाल डगल्यांतच प्रांतसाहेबांपुढे उभे राहिलो. त्या दोघांजवळ धड कपडे नव्हते, म्हणून त्यांना बँडचेच डगले घातले आणि मीही तोच घातला. साहेबांनी मला बाहेर काढलं आणि एकेकाला आत बोलावून विचारलं. मग मालकाला बोलावणं गेलं. आणीबाणीचे दिवस होते, कचेरीतल्या बोलावण्याला सगळेच टरकत. त्यानं आधी आरडाओरडा केला, मग 'माझ्या पोरांसारखी हायत' म्हणाला, शेवटी दोघांवरचं सगळं देणं सोडल्याचं लिहून दिलं.

क्लॅरोनेटवाला दहिवडीच्या गाडीत बसला. मी म्हणालो, "माझ्याकडं ऱ्हा. तुझं तुला मिळंल." तो म्हणाला, "आधी घर बघतो." तो परत आला नाही. त्या सराईत आम्ही ट्रंपेटवरच भागवलं आणि एक-दोन सुपाऱ्याही गेल्या.

तेव्हापासून दुसऱ्या कुणी पाठवलेला माणूस मी घेतला नाही. नवा माणूस आला की बायको त्याला स्वयंपाकघरात एकट्याला बसवून चहा द्यायची आणि तू आपल्या मनानं आलास का, ते विचारायची. वाद्य ज्याचं त्याच्या घरी, मजुरी ज्याची त्याच्या हातात. दुसरे बँडवाले हसायचे, "ह्येच्याकडं बँडात जायला बी सोयरीक जुळवाय लागती."

सोबती मात्र आमच्याकडेच राहिला आणि साइड ड्रम शिकला. पण चहाला जायचं तरी तो दारात उभा राहून विचारायचा, "जाऊ का?" बायको रागवायची, "इचारू नका हो, भाऊ. जावा." तो मान हलवायचा आणि पुन्हा विचारायचा. वर्षभर असंच चाललं.

मग एका सकाळी तो कुणाला न सांगता कुठंतरी गेला. पलूसच्या लग्नात आम्ही साइड ड्रमविना वाजवलं आणि मी वाटभर त्याच्या नावानं बोटं मोडत घरी आलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि ती खुदकन हसली.

"न इचारता गेला?" ती म्हणाली. "बरं झालं."