वायोमिंगची चौकशी टायरच्या दुकानात

परदेशी मालकांविरुद्ध मी जेवढी पत्रकं लिहिली तेवढी आमच्या तालुक्यात कुणी लिहिली नसतील. ही फुशारकी नाही, दुसरं कुणी लिहीतच नाही. मोलगीच्या बाजारात मी ती वाटली आहेत, बोटीत बसून मणिबेलीपर्यंत नेली आहेत, तळोद्याच्या बसस्टँडवर खळीने चिकटवली आहेत. मोलगीत लोक पत्रक घेतात, नीट घडी घालतात आणि त्यात आमचूर बांधतात. मी कागद जाड वापरते, त्यामुळे मागणी चांगली असते. अशा माझ्या घरात, आमच्याच ओट्यावर भेंडी चिरत बसलेली थोरली बहीण एका सकाळी म्हणाली, "मला अमेरिकेत कंपनी काढायचीय. मालक मी एकटी. तिकडच्या हिशेबाने परदेशी मालक."

"पुन्हा म्हण."

"परदेशी मालक. तुझ्या पत्रकावरच्या चित्रातला. बघून घे नीट, पुढच्या वेळी पोटाचा घेर बरोबर काढता येईल."

आम्ही बहिणी घरात अहिराणी बोलतो, पण भांडतो प्रमाण मराठीत, कारण भांडायला शाळेत शिकलो. त्या दिवशी प्रमाण मराठी संध्याकाळपर्यंत चाललं.

प्रकरण असं होतं. आमच्या काकांचा लग्नाचा बँड आहे. लग्नसराईत एकाच दिवशी तळोद्याला वरात, शहाद्याला वरात, आणि कुणाच्या तरी हट्टापायी डोंगरातही एक. कोण कुठे वाजवणार, कुणाचा कोट कुणाच्या अंगावर गेला, कुणाचं ट्रम्पेट दुरुस्तीला पडलंय, हे सगळं काका डोक्यात ठेवत आणि तिथेच विसरत. एका नवरदेवापुढे नुसते ढोल गेले आणि दुसऱ्यापुढे नुसत्या क्लॅरिनेटी, तेव्हा ताईने त्यांच्यासाठी मोबाईलवर चालणारा एक प्रोग्राम लिहिला. तो इंटरनेटवरही ठेवला. अमेरिकेत शाळाशाळांतून बँड असतात हे आम्हाला कुठे ठाऊक. तिथल्या मुलांचेही कोट हरवतात. एका शाळेने तो वापरला, मग दुसरीने, आणि मग त्या शाळांना बँडचे गणवेश पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने ताईला लिहिलं: हा मी माझ्या सगळ्या शाळांना देतो, पण करार करीन तो अमेरिकेत नोंदलेल्या कंपनीशीच.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीने ताईला नोकरीवर घेतल्याचं कळवलं. ताईने पुण्यात आधी एक वर्ष काढलं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या वर्षात तिला 'जेवलीस का' असं फक्त जेवण पोचवणाऱ्या ॲपने विचारलं. तिला परत जायचं नव्हतं, तळोद्यातच राहून काम करायचं होतं. बाबांनी मुदत घातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. तोवर अमेरिकेचं जमलं तर राहा, नाही तर पुण्याला हो म्हण.

आता अमेरिकेत कंपनी नोंदवायची म्हणजे कुठे? मला वाटायचं अमेरिका हा एक देश आहे. कंपन्यांच्या बाबतीत ती पन्नास दुकानांची बाजारपेठ निघाली. प्रत्येक राज्य म्हणतं, इकडे या, आमच्याकडे नोंदवा. आणि संतापाची गोष्ट ही की कुणीही नोंदवावी. ताई तिथली नागरिक नाही, तिने विमानसुद्धा आकाशातलंच पाहिलेलं, पण तिच्याकडे रेशनकार्डाची झेरॉक्स कुणी मागितली नाही. इथे आपल्याच मातीत जन्मल्याचा दाखला काढायला माणसाने चपला झिजवायच्या आणि तिथे घरबसल्या मालक. याचा मी निषेध केला. ताई म्हणाली, निषेध कर, पण पंखा माझ्याकडे फिरव.

तिने तीन राज्यं काढली होती. पहिलं डेलावेअर. मोठ्या कंपन्या तिथेच नोंदतात, कायदेकानू पक्के, गुंतवणूकदारांना ते आवडतं.

"तुझ्याकडे कुठले गुंतवणूकदार?" मी विचारलं.

"काकांनी एक जुनं हार्मोनियम देऊ केलंय."

शिवाय तिथे म्हणे एकेका इमारतीच्या पत्त्यावर ढिगाने कंपन्या असतात. मी सरळ सांगितलं, चोरांची धर्मशाळा आहे ती. दुसरं वायोमिंग. खर्च कमी, कटकट कमी, आणि मालकाचं नाव सरकारी नोंदीत उघड दिसत नाही. इथे तर मी ताडकन उठलेच.

"नाव लपवणार तू?"

"तळोद्यात मी भाजीत मीठ विसरले तरी चौकापर्यंत कळतं. वायोमिंगमध्ये लपून कुणापासून लपू?"

तत्त्व म्हणून मी तिसरं राज्य लावून धरलं, फ्लोरिडा, कारण तिथे कंपनी चालवणाऱ्याचं नाव कुणालाही पाहता येतं. ताईने दाखवलं की तिथे वर्षाचा कागद भरायला उशीर झाला तर दंड जबर आहे. मी म्हणाले, तत्त्वासाठी दंड भरावा लागतो. ती म्हणाली, मग तू भर. फ्लोरिडा तेवढ्यापुरतं मागे पडलं.

हे सगळं बाबा शांतपणे ऐकत जेवत होते. मग ताई म्हणाली की राज्य कुठलंही घेतलं तरी तिथे राहणारा एक एजंट नेमावा लागतो. सरकारचे, कोर्टाचे कागद त्याच्या पत्त्यावर येतात आणि तो ते आपल्याला कळवतो. त्याने कळवलंच नाही तर आपल्याला न कळता कंपनी अडचणीत येते, बंदही पडते.

बाबांनी भाकरी ताटात ठेवली. "तो मानूस कोन शे?"

"माहीत नाही बाबा. वेबसाइटवरून निवडायचा."

"म्हंजे तुन्हा कोर्टना कागद अनोळखी मानूसना घर जातीन?"

"सगळे असंच करतात."

"बठा लोके करतस, ते करू देत. आपन चौकशी करसूत."

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. भाऊबंदांत कुणाच्याही मुलीचं स्थळ ठरायचं असलं की गुपचूप चौकशीला बाबांनाच पाठवतात. ते मुलाच्या घरी पाऊल टाकत नाहीत. घरचे लोक चहाबरोबर खोटंच वाढणार असं त्यांचं मत. पिशवीत थोडी ज्वारी घेऊन ते त्या गावच्या पिठाच्या गिरणीवर जातात, रांगेत बसतात आणि दळण होईपर्यंत त्यांना त्या घराचं सगळं कळलेलं असतं: कोण कुणाशी बोलत नाही, सून माहेरी का जाऊन बसलीय, म्हातारा संध्याकाळी कुठे जातो. बाबांनी नाकारलेल्या स्थळांची पुढे काय गत झाली हे आमच्या नातेवाइकांत आदराने सांगितलं जातं. आता हीच पद्धत अमेरिकेला लावायची ठरली. काका तेवढ्यात आले होते. ते म्हणाले, "वायोमिंगमा गिरनी कोठे भेटी?"

"गिरनी नसनी तर शेजारी दखू," बाबा म्हणाले. "एजंटले इचारानंच नई. त्याना शेजारीले इचारानं."

ताईने डोक्याला हात लावला. मला मात्र हे पटलं. कंपनीच्या जाहिरातीवर विश्वास न ठेवता गावात जाऊन विचारा, हे मी पत्रकात कितीदा लिहिलंय. ताईने प्रत्येक राज्यातला एक एजंट निवडला होता, त्यांचे पत्ते होते. मी नकाशावर त्यांच्या शेजारची दुकानं शोधली आणि फोन नंबर काढले. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडे दुकानं उघडतात, त्यामुळे वेळ सोयीची होती. इंग्रजीत बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण ताई म्हणाली, मी असल्या फोनवर माझा आवाज देणार नाही.

डेलावेअरच्या शेजाऱ्याकडे मशीन बोललं. हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा. शेजारीही कंपन्यांचीच इमारत होती. मी दाबत गेले, मग नुसतं संगीत लागलं. काकांनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ कानाला लावून बसले. आम्हाला वाटलं कुणीतरी बोलतंय.

"काय म्हने?" बाबांनी विचारलं.

"क्लॅरिनेटवाला ताल सोडी ऱ्हायना," काका म्हणाले.

बाबांनी निकाल दिला. ज्या गावात शेजाऱ्याच्या घरी मशीन बोलतं तिथे आपली मुलगी द्यायची नाही. ताई म्हणाली, मुलगी नाही बाबा, कंपनी. बाबा म्हणाले, तेच ते.

फ्लोरिडातल्या एजंटशेजारी खानावळ होती. फोन घेणारी मुलगी गोड बोलली, पण शेजारी कोण बसतं हे तिला माहीत नव्हतं, कधी पाहिलंच नव्हतं. मी लगेच फ्लोरिडाची बाजू घेतली, शहरात असं असतं वगैरे. बाबांनी हात हलवला. फ्लोरिडा गेलं, आणि माझं तत्त्वही.

वायोमिंगच्या एजंटबाईंच्या शेजारी टायरचं दुकान निघालं. फोन एका जाडसर आवाजाच्या माणसाने घेतला.

"कुठला टायर?"

"टायर नको. तुमच्या शेजारी ज्या बाईंचं ऑफिस आहे त्यांची चौकशी करायची आहे."

"कोण बोलतंय?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "सांग, पोरकडना लोके."

मी सांगितलं, आम्ही मुलीकडचे, स्थळाची करतात तशी चौकशी करतोय. मग तो अगदी समजुतीने म्हणाला, "मॅडम, त्या बाईंचं लग्न झालेलं आहे. नवरा इथेच बसलाय, कॉफी पितोय. देऊ का त्याला?"

ताई उशीत तोंड खुपसून हसत होती. मी फोनवर हात ठेवून बाबांना परिस्थिती सांगितली. बाबा म्हणाले, "दे म्हन. मानूस लपाडत नई, चांगलं शे."

नवरा फोनवर आला. मी आधी त्याचा गैरसमज दूर केला, आम्हाला कंपनी नोंदवायचीय हे सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, मी घाबरलो होतो. मग मी सभेत विचारते तसंच विचारलं, "तुमच्या पत्नी विश्वासू आहेत का? हो की नाही, एका शब्दात."

त्याला एका शब्दात जमलं नाही. तो म्हणाला, पत्र आलं की ती त्याच दिवशी फोडते, त्याच दिवशी ज्याचं त्याला कळवते. बर्फ पडलं तरी ऑफिसला जाते. माझीही पत्रं फोडते. माझ्या बहिणीने मला काय लिहिलंय हे मला घरी आल्यावर बायको सांगते.

मी हे सगळं घरच्यांना सांगितलं. काका चपापले. "दुसराना कागद फोडस ती?"

"तिन्हं कामच ते शे," बाबा म्हणाले.

मी म्हणाले, पण नवऱ्याच्या खाजगीपणाचा हक्क? ताई म्हणाली, तू त्यावर पत्रक काढ, वायोमिंगला पाठवू. बाबांनी शेवटचा प्रश्न विचारायला लावला, तिथे पाणी कसं आहे. नवरा म्हणाला, पाण्यापेक्षा वाराच जास्त. बाबांना एवढं पुरलं. जो माणूस आपल्या गावात पाणी कमी आहे हे कबूल करतो तो बायकोबद्दल कशाला खोटं बोलेल.

"वायोमिंग ठरनं," ते म्हणाले.

"मी पहिल्यापासून वायोमिंगच म्हणत होते," ताई म्हणाली.

"तू कागद दखीसन म्हनी ऱ्हायनी व्हती."

कंपनी नोंदली गेली. नोंदणीचं प्रमाणपत्र कॉम्प्युटरवर आलं. आईने त्याला, म्हणजे पडद्याला, कुंकू लावलं. ते पुसताना ताईने मला शिव्या दिल्या, कारण आईला देता येत नाहीत. करासाठीचा नंबर मात्र यायचा होता. ज्याच्याकडे अमेरिकेतला स्वतःचा नंबर नाही त्याने म्हणे फॅक्सने अर्ज करायचा आणि वाट पाहायची. जगाला कॉम्प्युटर विकणाऱ्या देशाला फॅक्स लागतो, हे वाचून मला जरा आपलेपणा वाटला. व्यापाऱ्याने कळवलं की करार नुसत्या प्रमाणपत्रावर होईल, पैशाचं नंबर आल्यावर बघू. करार मात्र येईना.

आखाजीचा आदला दिवस उजाडला. पुण्याहून फोन आला: आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा, आम्हाला दुसरी मुलगी घ्यायचीय. बोललेलं बदलायची बाबांना सवय नाही, हे ताईला ठाऊक होतं. गल्लीत कडुनिंबाला झोका बांधला होता, माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. ताई दुपारभर मोबाईल मुठीत धरून त्या झोक्यावर बसली. झोका वर गेला की रेंज येते असं तिचं म्हणणं. मुली जोरात झोके देत होत्या आणि विचारत होत्या, "वनं का वं?", म्हणजे आलं का गं, आणि ती वरून सांगायची, "नई." मलाही झोका द्यावा लागला. एका परदेशी मालकाला मी स्वतःच्या हाताने झोका देत होते आणि मनात म्हणत होते, ये रे बाबा करारा, ये.

उन्हं उतरली, तिकडे सकाळ झाली, आणि झोका वर असतानाच करार आला. ताई किंचाळली नाही, फक्त पाय टेकायला विसरली आणि धुळीत बसली.

पुण्याला फोन लावायला ती निघाली तेव्हा बाबांनी फोन मागितला. असे नकार मुलीने द्यायचे नसतात, घरच्या मोठ्याने द्यायचे असतात. ते खुर्चीत ताठ बसले आणि प्रमाण मराठीत म्हणाले, "नमस्कार. वाईट वाटून घेऊ नका. तुमचं स्थळ चांगलंच होतं. पण आमच्या मुलीचं दुसरीकडे ठरलं."

फोन स्पीकरवर होता. पलीकडची मुलगी गोंधळली, मग म्हणाली, "अभिनंदन सर. लग्न कधी आहे?"

"लग्न नाही. कंपनी."

"अच्छा. कुठल्या कंपनीत?"

"वायोमिंगच्या. मालक तीच आहे."

"पॅकेज काय देतायत, सर? आम्ही थोडं वाढवू शकतो."

बाबांनी आईकडे पाहिलं. "घरचं जेवण," ते म्हणाले.

बाबांनी सणाच्या शुभेच्छा देऊन फोन ठेवला. ताईने कपड्यांवरची धूळ झटकली, आत गेली, पुण्याला न्यायला काढून ठेवलेली बॅग उचलली आणि मला म्हणाली, "माळ्यावर टाक. पार आत, कोपऱ्यात."