राजाच्या कपाळावरचं कुंकू

लक्ष्मीपूजनात ठेवलेले चांदीचे रुपये, वरच्या छापातल्या राजाच्या कपाळावर कुंकू लावलेले, तसेच पदरात बांधून आई बर्डीच्या पोस्टातल्या बँकेत भरायची. वडील चिडायचे. टपालानं पत्रं वाहावीत, सावकाराचा धंदा कशाला करावा, असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र ते पोस्ट स्वप्नासारखं वाटे. लाखेचा वास यायचा, जाळीपलीकडे थैल्या सळसळायच्या. वाटायचं, पत्रांबरोबर आईचे रुपयेही आगगाडीत बसले, रात्रभर नद्या ओलांडत चालले.

माझं लग्न ठरलं तेव्हा ते रुपये काढायला आम्ही दोघी गेलो. जाळीपलीकडच्या बाबूनं रुपये पुढे सरकवले. आईनं एकेक उलटून पाहिला आणि सगळे परत ढकलले.

"हे माहे रुपये नाही गा बाबू. माह्या रुपयांवर कुंकू होतं."

रुपया इथूनतिथून सारखाच, असं बाबू समजावत राहिला. मी लाजेनं मेले. तेवढ्यात आईनं एक रुपया खिडकीच्या उजेडात धरला. राजाच्या कानामागे शेंदूर चिकटला होता. आमच्या घरी रुपयांना शेंदूर कधी लावतच नसत.

"कोन्या बाईचा असन वं हा?" ती हळूच मला म्हणाली. "मंग माहे तिच्याकडे गेले असतीन."

तिनं सगळे पदरात बांधले.

बाकीच्या रुपयांतून माझ्या पाटल्या झाल्या. तो एक देवघरात राहिला. दर दिवाळीला आई त्याला शेंदूरच लावायची, त्या बाईच्या घरी लावत असतील तसा.